करंट येतोय की! : प्लग टेस्टरच्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार

गोव्यातल्या साखळी गावाला सेंट्रिंगच्या कामावर जाणारा गिऱ्हाईक दुसऱ्यांदा परत आला. सोमवारी पहाटे चोर्ला घाट उतरतो, शनिवारी चढून येतो. उतरताना गाडी ठणठणीत. चढताना ॲक्सिलेटर वाढवला की मिसिंग, कधी बंदच. दुसऱ्या गियरवर हळूहळू आणली तर येते.

ठिणगी पाडणारा प्लग काढला, वायरीच्या कॅपात घातला, इंजिनच्या हेडला टेकवून किक मारली. निळी, जाड ठिणगी. तोही वाकून बघत होता.

"मेस्त्री, बाहेर करंट मस्त येतंय की ओ, मग चढाला का मरालंय?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. कार्बोरेटर मागच्या खेपेला साफ केलाय. नवा प्लग घातला, फीलर गेजनं त्याच्या टोकांमध्ये ०.७ मिलिमीटरचा गॅप लावला आणि पाठवला. जाता जाता बोलला ते लिहून ठेवतो : धुकं असलं की जास्त मारतं. पैसे घेतले नाहीत. त्याच दुखण्यासाठी परत आलेल्या गाडीचे मागायला जीभ उचलत नाही.

रात्री भाच्याला सांगितलं. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स करतोय. तो म्हणाला, "मामा, तुम्ही ठिणगी बाहेर बघालाय. आत दाब असतोय की."

पूर्वी मोठ्या वर्कशॉपात प्लगचं मशीन असायचं. एका भोकात वाळू मारून प्लग साफ करायचा, दुसऱ्या भोकात हवेचा दाब देऊन काचेतून ठिणगी बघायची. तसलं आपणच करून बघू. ही वही त्यासाठी.

११ जून, मंगळवार

पहिल्यांदा मोजपट्टी. प्लगला वीज पुरवणारी कॉइल किती हजार व्होल्ट देते ते साध्या मीटरवर कळत नाही, लावला तर मीटरच जातो. पण ठिणगी किती लांब उडते ते मोजता येतं.

बेकेलाइटच्या पट्टीवर समोरासमोर दोन दाभण, गोणी शिवायचे. एक पक्का, दुसरा सहा एमएमच्या स्क्रूच्या टोकाला. त्या स्क्रूचा आटा १ मिलिमीटरचा, म्हणजे एक पूर्ण फेरा फिरवला की दाभण १ मिलिमीटर मागं. वेगळी स्केल नको.

सुईच्या टोकांमधून साधारण ८.५ मिलिमीटरला १० हजार व्होल्ट लागतात, १३ ला १५ हजार, साडेसतराला २० हजार. हे आकडे भाच्यानं काढून दिले, समुद्रसपाटीचे आहेत. बेळगाव साडेसातशे मीटर उंच, हवा थोडी विरळ, त्यामुळं इथं तेवढ्याच व्होल्टला ठिणगी जरा जास्त लांब जाणार. फरक दहा टक्क्यांच्या आतबाहेर. माझ्या कामाला चालेल.

१६ जून, रविवार

भंगारातून जीपचा डिस्ट्रिब्युटर आणला, तो ड्रिल मशीननं फिरवायचा. त्यातले पॉइंट उघडझाप करून कॉइलचा प्रवाह तोडतात-जोडतात. कॉइल जुनी तेलाची, बॅटरी १२ व्होल्टची.

कंडेन्सरची वायर चुकून सुटलेली. ड्रिल चालू केलं तर पॉइंटवरच झगझगीत पांढरा जाळ, आणि दाभणात ३ मिलिमीटरवर मरतुकडी ठिणगी. वायर लावल्यावर पॉइंट अंधारात गेले आणि दाभणात ठिणगी १२ मिलिमीटर.

आजवर इतके कंडेन्सर बदलले, पण हे समोरासमोर कधी बघितलं नव्हतं. कॉइलच्या आतल्या जाड वायरीतून चार-पाच अँपिअर वाहत असतो. पॉइंट उघडले की तो प्रवाह थांबायला तयार नसतो आणि त्या ताणानं १२ व्होल्टच्या जागी दोन-तीनशे व्होल्ट उठतात. बारीक वायरीचे वेढे शंभर पट, म्हणून तिकडं वीस-पंचवीस हजारांपर्यंत जाऊ शकतं. पण पॉइंट तर नुकतेच उघडलेत, मध्ये कागदाएवढी फट. कंडेन्सर नसला तर सगळा जोर त्याच फटीतून निघून जातो. कंडेन्सर त्या क्षणाला जोर स्वतःकडं घेतो, तेवढ्यात पॉइंट लांब जातात.

म्हणजे एका सर्किटात दोन फटी, आणि ठिणगी जी आधी तुटेल तिथं. हे वाक्य खाली दोन रेघा मारून ठेवतो.

२१ जून, शुक्रवार, वटपौर्णिमा

ड्रिलची किरकिर ऐकून घरचे वैतागले, म्हणून भाच्यानं ५५५ टायमरवर सर्किट केलं. सेकंदाला ५० ठिणग्या. कॉइल चालू-बंद करायला आयआरएफ ५४० मॉसफेट. दोन सेकंद चाललं, मग वास. मॉसफेट १०० व्होल्टचा आणि कॉइल मागं मारते त्याच्या दुप्पट-तिप्पट. परवाच वहीत लिहिलेलं, तरी दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

कार इग्निशनसाठीच केलेला, ४०० व्होल्टच्या आसपास स्वतःच आवरून धरणारा आयजीबीटी मागवला.

२९ जून, शनिवार

आयजीबीटी आला, बसवला, चालतोय. चुकून हात लागू नये म्हणून नियम केलाय : आधी बॅटरीचा क्लिप काढायचा, मगच दाभणाला हात. कॉइलचा झटका हातातून छातीकडं गेला तर थट्टा नाही.

भाच्याला गोल टोकं हवी होती. माझ्याकडं बेअरिंगचे २५ मिलिमीटरचे मोठे बॉल होते, भोक पाडायला गेलो तर दोन ड्रिल बिट बोथट. कडक केलेलं पोलाद ते, मलाच कळायला हवं होतं. शेवटी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या टर्नरकडून पितळेचे दोन गोळे करून घेतले. कशाला हवेत ते सांगितल्यावर तो हसला, "स्वल्प तडीरि," म्हणजे जरा थांबा, म्हणाला आणि हातातलं काम बाजूला ठेवून वीस मिनिटांत करून दिले.

आता गंमत. तीच कॉइल, तीच बॅटरी. दाभणात ठिणगी १२ मिलिमीटर. गोळ्यांत जेमतेम ४. पाचवर गप्प.

आधी वाटलं जोडणी ढिली. परत दाभण, परत १२. परत गोळे, परत ४. टोक जितकं अणकुचीदार, तितका विजेचा ताण त्या टोकापाशी गोळा होतो. सबंध फटीत ताण पुरेसा नसला तरी टोकापाशी हवा आधी फुटते आणि तिथून ठिणगी पुढं रस्ता काढत जाते. अंधार केला तर दाभणाच्या टोकावर ठिणगीच्या आधीच जांभळं बोंड दिसतं, सुस्कारल्यासारखा आवाज येतो. गोळ्यांवर काहीच नाही, एकदम चट.

शेजारच्या आजी सांगून गेल्या की तुझं काम सुरू झालं की आमचा रेडिओ खरखरतोय. त्यांचा मिडियम वेव्हचा जुना सेट. त्यांना काय सांगणार, की रेडिओची सुरुवातच या खरखरीनं झाली? हर्ट्झनं १८८७ च्या सुमारास ठिणगीनंच लहरी काढल्या. १८९५ साली कलकत्त्याला जगदीशचंद्र बोसांनी ठिणगीच्या लहरींनी लांबची घंटा वाजवून दाखवली, दारूही पेटवली. मी संध्याकाळी सातनंतर टेस्टर लावणार नाही असं कबूल केलं.

७ जुलै, रविवार

दाबाच्या डब्याचं चित्र काढलं. ७५ मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा गोल बार, मध्ये पोकळी, बाजूनं प्लगचे १४ मिलिमीटरचे आटे, १० च्या प्लगसाठी बुश. समोर २० मिलिमीटर व्यासाची खिडकी, त्यात २० मिलिमीटर जाड पॉलिकार्बोनेट. काच नको, फुटली तर डोळ्यात. आमच्या कंप्रेसरचे १२० पौंड (दर चौरस इंचाला) दिले तर एवढ्याशा खिडकीवर सव्वीस-सत्तावीस किलोचा रेटा येतो, म्हणून वरून सहा बोल्टांची रिंग.

१३ जुलै, शनिवार

टर्नरकडून डबा आला. उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम करणारे पुष्कळ, त्यातल्या एकाकडं हातपंप होता. डब्यात पाणी भरून २२५ पौंडांवर तपासायचं ठरलं. हवेनं तपासू नये. हवा दाबली की स्प्रिंगसारखी ताकद साठवते, फुटली तर तुकडे उडतात. पाणी दाबून लहान होत नाही, गळतं आणि दाब उतरतो एवढंच.

पहिल्यांदा ८० पौंडांवरच खिडकीखालून धार. ओ-रिंगची खाच उथळ, रिंग दबतच नव्हती. लेथवर परत लावून खाच खोल केली. दुसऱ्यांदा दहा मिनिटं काटा हलला नाही.

१७ जुलै, बुधवार, आषाढी

दुकान अर्धा दिवस. पाऊस, लाईट नाही. शेंगदाणे आणि साबुदाण्याची खिचडी खात भाच्याकडून शिकवणी घेतली. मला समजलं तसं लिहितो.

हवेत एखाद-दुसरा मोकळा इलेक्ट्रॉन कायम असतोच. आकाशातून येणारे किरण आणि जमिनीतला थोडा किरणोत्सर्ग तो सोडवत असतात. दोन टोकांना व्होल्टेज दिलं की तो धनेकडं पळायला लागतो. वाटेत हवेचे रेणू. त्यांच्यावर आदळून दुसरा इलेक्ट्रॉन उडवायचा तर धडकेत पुरेसा जोर हवा : ऑक्सिजनला १२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर, नायट्रोजनला साडेपंधराच्या वर. जोर यायला धाव हवी. आणि साध्या हवेत दोन धडकांमधली मोकळी जागा केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शापेक्षाही कमी.

मी म्हटलं, सौंदत्तीच्या यात्रेत पळाल्यासारखं. "तसंच," म्हणाला. गर्दी कमी असेल तर दोन पावलं पळता येतं आणि धक्का बसला तर समोरचा पडतो. गर्दी दाटली की नुसता खांद्याला खांदा लागतो. तिथंही माणूस पाडायचा तर मागून रेटा जबर हवा. रेटा म्हणजे व्होल्टेज.

रेटा पुरला की एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. टाउनसेंड नावाच्या शास्त्रज्ञानं १९०० च्या आसपास हा हिमलोंढ्याचा हिशेब मांडला. पुढं हवा वायू राहत नाही, वीज वाहून नेणारी तापलेली वाट होते. ती वाट एकदम फुगते, तोच चट आवाज.

त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, पाशेन नावाच्या जर्मन माणसानं दाखवलं की फटीची लांबी आणि वायूचा दाब यांचा गुणाकार महत्त्वाचा. फट दुप्पट करा किंवा दाब दुप्पट करा, ठिणगीला सारखंच. ०.७ मिलिमीटरची फट दहा पट दाट हवेत ठेवली तर ती ७ मिलिमीटरची झाली असं समजायचं.

इथं मला घाम फुटला. मी इतकी वर्षं हेडवर प्लग टेकवून "करंट येतोय की" म्हणत आलो ते ०.७ मिलिमीटरच्या परीक्षेवर. त्याला तीन-साडेतीन हजार व्होल्ट पुरतात. मरायला टेकलेली कॉइलसुद्धा तेवढं देते.

आणि घाट? ॲक्सिलेटर बंद असताना सिलिंडरमध्ये हवाच थोडी जाते. दाबून दाबून बाहेरच्या तिप्पट दाट होते. चढावर पूर्ण पिळला की सिलिंडर भरून हवा, आणि ९ ला १ चं कॉम्प्रेशन म्हणजे दाटी नऊ पटीच्या जवळ. आत गरम असतं म्हणून दाबाचा काटा आणखी वर जातो, पण ठिणगीला दाटीशी मतलब, काट्याशी नाही. उतरताना गाडी का मरत नव्हती ते इथं सुटलं. उतरताना ॲक्सिलेटर बंदच असतो!

मी एक शंका काढली. मग बॅटरीच्या १२ व्होल्टला वायर घासली की ठिणगी उडते ती कशी? पाशेनच्या हिशेबात साध्या हवेत ३२७ व्होल्टच्या खाली ठिणगी उडीच मारत नाही. भाचा म्हणाला, ती उडी नव्हे. आधी टेकलेलं असतं, सुटताना शेवटचा धातूचा बिंदू वितळतो आणि जाळ ओढला जातो. वेल्डिंगवाला रॉड आधी टेकवतो ते त्यासाठीच. चाळीस वर्षं या दोन्हीला मी ठिणगीच म्हणत आलो.

२१ जुलै, रविवार

डब्यात नवा प्लग, गॅप ०.७, आमची जीपची कॉइल. शटर ओढून अंधार केला.

दाब शून्य : ठिणगी जांभळट, जाडसर, जरा हलणारी. बघायला छान, आणि याच छानपणावर मी विश्वास ठेवत होतो. ४० पौंड : बारीक झाली, पांढरी झाली, आवाज टोकदार. ८० : सुईनं टोचल्यासारखा पांढरा ठिपका. १२० : चालूच, पण दहात एखादी चुकते. १२० पौंड म्हणजे बाहेरच्या हवेच्या दहा पटीला लागून दाटी.

आम्ही गॅरेजवाले म्हणतो, जाड निळी ठिणगी म्हणजे चांगली. डब्यात तर दाब वाढेल तशी ती बारीकच होत गेली. रंगावरून निकाल देणं बंद.

बॅटरी अर्धी उतरलेली लावून बघितली. ७० पौंडांवर बंद. बाहेर हेडवर तीच बॅटरी झकास ठिणगी देते.

२८ जुलै, रविवार

साखळीवाला भिजत आला. गाडीही भिजलेली. काल कणकुंबीच्या अलीकडं दोनदा बंद पडली म्हणाला. वाटलं तेच बरं झालं, पुसू नको म्हटलं.

त्याच्या गाडीचा कॅप काढून डब्यातल्या प्लगला लावला, डब्याची बॉडी वायरीनं इंजिनला जोडली. हेडच्या भोकात जुना प्लग बसवला, नाहीतर किक मारताना पेट्रोलची वाफ बाहेर आणि बाजूलाच ठिणगी. पेट्रोल कॉकही बंद.

शून्यावर ठिणगी उत्तम. ३० वर उत्तम. ६० च्या जरा पुढं गेलो आणि खिडकी काळी झाली. भाचा किक मारतच होता. चट आवाज मात्र येत होता! डब्यातून नाही. टाकीखालून.

टाकीखाली टॉर्च नको, अंधारच बरा. कॉइलच्या अंगावरून फ्रेमकडं केसाएवढी निळी रेघ, किक मारली की सरपटत जाणारी. दाब कमी केला की रेघ गायब, खिडकीत ठिणगी परत. दाब वाढवला की खिडकी काळी आणि टाकीखाली रेघ. चार वेळा करून बघितलं. गिऱ्हाईक म्हणाला, "आयला, हे पळून जातंय की!"

कॉइल काढली. प्लास्टिकला बोल्टाच्या कानापासून निघालेली बारीक चीर, कडेनं काळपट. कोरडी पुसून, हेअर ड्रायरनं वाळवून दाभणात लावली तर ११ मिलिमीटर, कोणीही पास करेल अशी. बाटलीनं पाण्याचा फवारा मारला, ५ वर आली आणि परत चिरेतून पळायला लागली.

धुक्याचंही कोडं सुटलं, आणि ते उलट निघालं. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणं दमट हवेत ठिणगी उडायला किंचित जास्तच व्होल्ट लागतात, कारण पाण्याचे रेणू मोकळे इलेक्ट्रॉन धरून ठेवतात. पण ते मोकळ्या हवेत. प्लास्टिकवर, चिनीमातीवर ओल आणि धूळ बसली की पृष्ठभागावरूनच वाट होते. चढावर प्लगातली वाट अवघड झालेली, चिरेतली धुक्यानं सोपी झालेली. जी आधी तुटेल तिथं. १६ जूनला दोन रेघा मारलेलं वाक्य, आणि ८ जूनला माझ्याच अक्षरात "धुकं असलं की जास्त मारतं". दोन्ही वहीत होतं.

नवी कॉइल. कॉइलचे पैसे घेतले, मजुरी नाही. त्याचे आधी दोन प्लग विनाकारण बदललेत.

१ ऑगस्ट, गुरुवार

दुकानातले जुने काढलेले प्लग गोळा करून डब्यात घालायचा नाद लागलाय. एक गोष्ट पक्की झाली. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झालेला प्लग, गॅप बरोबर ०.७ लावूनही, नव्या प्लगच्या कितीतरी आधी चुकायला लागतो. दाभण आणि गोळे यांचाच हा धाकटा भाऊ. बारीक कानशीनं माथा सपाट करून कड उठवली की तोच प्लग २०-२५ पौंड जास्त ओढतो. आम्ही कानस मारतो ते कार्बन काढायला, असं समजत होतो. शिकवलेल्या वस्तादांनीही तसंच सांगितलेलं.

कड उठवलेली फार दिवस टिकत नाही, ठिणगी आधी कडाच खाते.

९ ऑगस्ट, शुक्रवार, नागपंचमी

शेजारच्या गॅरेजवाल्यानं तीन कॉइल पाठवल्या, तपासून दे म्हणून. दोन चांगल्या. तिसरी कोरडी ९ मिलिमीटर, ओली ९, पण डब्यात ५० पौंडांवर बंद. चीर नाही. आतले वेढे एकमेकांना चिकटले असावेत, जोरच कमी. अशी कॉइल थंड गाडीला सुरू करते आणि ओझं पडलं की सोडते. परत पाठवताना चिठ्ठी लावली, "हेडवर बघू नको."

त्यानं फोन करून विचारलं, मग कुठं बघू?

ये म्हटलं इकडं.

१८ ऑगस्ट, रविवार

साखळीवाल्याचा फोन, चोर्ल्यावरून, रेंज तुटत तुटत. तिसऱ्या गियरवर आणली म्हणाला, पाऊस होता.

खिडकीच्या आतून पॉलिकार्बोनेटवर ठिणग्यांची धूळ बसून धुरकट झालंय, ६० पौंडांच्या पुढचा ठिपका दिसत नाही. रिंगचे सहा बोल्ट काढून पुसायचं, तेव्हाच ओ-रिंग बदलायची. १० च्या प्लगचा बुश ढिला, त्यातून हवा सुटते. टर्नरकडं परत जायला लागणार, पितळेच्या गोळ्यांचे पैसेही त्यानं अजून घेतलेले नाहीत.